मिसलटो बागेत रुजत नाही? या चुका टाळा

मिसलटोच्या बिया वाया जातात त्या बहुधा लावणाऱ्याच्या अतिकाळजीमुळे. हे बांडगूळ अर्धपरोपजीवी आहे. हिरव्या पानांमुळे ते स्वतःचे अन्न तयार करते, मात्र पाणी आणि क्षार यजमान झाडाच्या फांदीतूनच शोषून घेते. साहजिकच कुंडी, माती आणि खत यांचा त्याला काडीचाही उपयोग नाही. पक्ष्यांपासून बी वाचावे म्हणून सालीला चीर देऊन ते आत खुपसण्याचा सल्ला दिला जातो, तोही मानू नये; या बीला रुजण्यासाठी उजेड लागतो आणि चिरेत तोच मिळत नाही.

पिकलेले पांढरे फळ बोटांनी दाबले की तारेसारखा ताणला जाणारा चिकट गर आणि त्यात हिरवट बी दिसते. कोवळ्या, गुळगुळीत सालीच्या फांदीवर हे बी गरासकट नुसते टेकवावे. गर वाळला की ते आपोआप घट्ट बसते. पुढे अंकुर वर न जाता उजेडाकडे पाठ फिरवून सालीकडे वाकतो, आणि त्याच्या टोकाशी चकतीसारखा फुगवटा येतो.

युरोपात नाताळच्या सजावटीतून उरलेली, सुकलेली फळे वापरणे ही दुसरी नेहमीची चूक. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडावरून ताजी उतरवलेली फळे घ्यावीत. यजमानाची निवडही महत्त्वाची. सफरचंदावरच्या मिसलटोचे बी सफरचंदावर उत्तम लागते, पण पाइन आणि फर या वृक्षांवर वाढणारे उपप्रकार वेगळे असल्यामुळे ते बी तिथे लावण्यात अर्थ नाही.

यानंतर धीर सुटतो. पहिल्या वर्षी त्या अंकुरापलीकडे फारसे काही दिसत नाही, आणि 'मेले' असे समजून किंवा विसरून तीच फांदी छाटली जाते. म्हणून फांदीला खुणेची दोरी बांधावी. फळे यायला साधारण चार-पाच वर्षे लागतात. तेव्हाही ती न आल्यास झाड नर असण्याची शक्यता असते, कारण मिसलटोत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. त्यामुळे बिया भरपूर आणि वेगवेगळ्या फांद्यांवर लावाव्यात. बऱ्याच बिया पक्षी आणि गोगलगाई फस्त करतातच.

रोपटे, अशक्त झाड मात्र यजमान म्हणून घेऊ नये. जोमदार झाडावरही झुडपे फार झाली, तर ती वेळोवेळी छाटावी लागतात. फळे विषारी असल्याने मुले आणि पाळीव प्राणी यांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत इतक्या उंचीवरची फांदी निवडावी.