इंग्रजीत 'हर्डल' वापरताना या चुका टाळा

'हर्डल म्हणजे अडथळा' एवढं पाठ केलं, की पुढचे घोळ आपोआप होतात. सगळ्यात मोठा घोळ क्रियापदाचा. 'रेन हर्डल्ड अवर वर्क' याचा अर्थ पावसाने कामात अडथळा आणला असा होत नाही, पाऊस आमच्या कामावरून उडी मारून गेला असा होतो! क्रियापद म्हणून हर्डल म्हणजे उडी मारून ओलांडणे. तिथे 'हिंडर्ड' किंवा 'हॅम्पर्ड' हवं.

मुळात हर्डल म्हणजे फोक विणून केलेली, उचलून कुठेही लावता येणारी ताटी. इंग्लंडात मेंढ्या कोंडायला ती वापरत. आपल्याकडे धनगर मेंढ्यांभोवती वाघूर, म्हणजे जाळं, लावतात तशी. पुढे शर्यतीत आली. पुरुषांच्या 110 मीटर शर्यतीत असे 10 हर्डल असतात, प्रत्येक 106.7 सेंटिमीटर उंच. चुकून पाय लागून पडला तरी धावपटू बाद होत नाही. म्हणून एकामागून एक पार करायच्या टप्प्यांना हा शब्द चपखल बसतो: कर्जाची कागदपत्रं, मुलाखतीची पहिली फेरी. (बीडचा धावपटू अविनाश साबळे पळतो त्या स्टीपलचेस शर्यतीतले अडथळे मात्र धक्का लागून पडत नाहीत, त्यांना बहुधा बॅरिअर म्हणतात.)

रस्त्यात झाड पडलं तर ते ऑब्स्टकल. भाषेमुळे बोलणंच खुंटलं तर लँग्वेज बॅरिअर. बोलण्यातला दोष स्पीच इम्पेडिमेंट. इथे हर्डल बसत नाही.

'प्रमोशनमधला अडथळा' डोक्यात असतो, म्हणून हात 'हर्डल इन माय प्रमोशन' लिहून जातो. 'टू' लिहा. आणि 'टू'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावा: 'ऑब्स्टकल टू गेटिंग अ लोन'. 'गेट' नाही. 'इन' चालतो तो 'इन माय वे'सारख्या रचनेत. 'अडथळा पार केला' याचंही शब्दशः 'क्रॉस्ड' करू नका. 'क्लिअर्ड' किंवा 'ओव्हरकेम' म्हणा.

स्पेलिंगमध्ये हर्डलच्या 'डी'च्या जागी 'टी' पडला, तर शब्द होतो हर्टल, म्हणजे सुसाट जाणे. तपासणीच्या सॉफ्टवेअरला ती चूक बहुधा दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. 'हिंडर'चं 'हिंड्रन्स' करताना 'डी'नंतरचा 'ई' गळतो. आणि उच्चार 'ऑब्स्टॅकल' नव्हे, 'ऑब्स्टकल', जोर 'ऑब'वर.