सायकल शर्यतीची पुस्तकं घेतलीत, आता थ्रेशोल्ड नीट काढा

पुस्तकं दोन पुरतात. प्रशिक्षक जो फ्रील यांचं ‘द सायक्लिस्ट्स ट्रेनिंग बायबल’ घ्याच, आणि २०१८ची पाचवी आवृत्तीच घ्या. ती नव्यानं लिहिलेली आहे, जुनी स्वस्तात मिळाली तरी उचलू नका. सायकलला पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर जोडीला हंटर ॲलन आणि अँड्र्यू कॉगन यांचं ‘ट्रेनिंग अँड रेसिंग विथ अ पॉवर मीटर’. मीटर नसेल तर ते पैसे टायरवर खर्च करा.

फ्रील शर्यतीच्या तारखेपासून उलटं मोजायला लावतात. पुस्तकातले महिने थंड देशांचे, म्हणून फक्त आठवडे घ्या: बेस (पाया घालणं) १२, बिल्ड (जोर वाढवणं) ८, पीक (शर्यतीआधी ताजं होणं) २, शर्यतीचा १. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी शर्यत असेल तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात. इंदूरचा पाऊस बेसमध्ये जिरतो.

आता थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल त्या जोराची हद्द; ती नाडीत किंवा वॅटमध्ये मोजतात. बहुतेकांचं वर्ष इथेच वाया जातं, कारण दोन पुस्तकांतल्या दोन चाचण्यांची खिचडी केली जाते. फ्रील यांची नाडीची चाचणी ३० मिनिटांची: एकट्यानं, पूर्ण जोरात. दहाव्या मिनिटाला लॅपचं बटण दाबायचं, म्हणजे पुढची २० मिनिटं वेगळी मोजली जातात. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी हाच थ्रेशोल्ड, त्याला कशानंही गुणायचं नाही. ९५ टक्के घ्यायचे ते ॲलन-कॉगन यांच्या २० मिनिटांच्या वॅटच्या चाचणीत, आणि तिथेही आधी ५ मिनिटं जीव तोडून मारलेली असली तरच.

खिचडीनं काय होतं ते पाहा. सरासरी नाडी १६८ आली. फ्रील यांचा दुसरा झोन (जोराचा टप्पा) थ्रेशोल्डच्या ८१ ते ८९ टक्के, म्हणजे १३६ ते १५०. कुणाच्या सांगण्यावरून आधी ९५ टक्के केलेत तर थ्रेशोल्ड १६० होतो आणि तोच झोन १३० ते १४२ वर उतरतो. बेसचे १२ आठवडे तुम्ही गरजेपेक्षा हळू चालवता आणि दोष पुस्तकाला देता. कमाल नाडीचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र तर वहीत लिहूच नका. झोनच्या क्रमांकांवरही जाऊ नका: फ्रील यांचा नाडीचा चौथा झोन ९४ ते ९९ टक्क्यांचा, कॉगन यांचा वॅटचा चौथा ९१ ते १०५चा. एका पुस्तकाचा आकडा दुसऱ्याच्या तक्त्यात कधीही घालू नका.

जागा कुठली? इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता पहाटेही चौकांनी तुटतो, आणि एकदा थांबलात की चाचणी बाद. खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे ट्रक आणि उतार. पावसाळ्यात सरळ होम ट्रेनरवर (घरात सायकल जागेवर चालवायचा स्टँड) करा, पण समोर मोठा पंखा हवाच. वारा नसला की शरीर तापतं, त्याच जोराला नाडी चढत जाते आणि थ्रेशोल्ड खोटा वर जातो. नाडी मोजणारा छातीचा पट्टा बांधण्याआधी ओला करा. मनगटाचं घड्याळ या कामाचं नाही. पहिली तीन मिनिटं मुद्दाम आवरून घ्या. पंधराव्या मिनिटाला वेग कोसळला तर तो आकडा फेकून द्या आणि तीन दिवसांनी पुन्हा बसा.

घरात काढलेला आकडा रस्त्यावर तंतोतंत लागत नाही. ऑक्टोबरमध्ये रस्ते कोरडे झाले की बाहेर नव्यानं काढा. त्यानंतर दर सहा-आठ आठवड्यांनी, हलक्या आठवड्याच्या शेवटी, पाय ताजे असताना.