पोट्ट्यांना डिझाईन शिकवायचंय? माठापासून सुरू करा

डिझाईन म्हटलं की पोट्ट्यांना वाटते चित्र काढायचं, म्हणून आधी तो शब्दच काढू नका. आपल्याकडं एप्रिल महिन्यातच पारा 40 च्या वर जाते, शाळेच्या माठापाशी झुंबड असते अन् जो तो गिलास धरलेला हात आत बुचकळते. हाच प्रॉब्लेम घ्या.

पहिल्या दिवशी काहीच बनवायचं नाही, नुसतं पाहायचं. कोणाचा हात बुडते, पहिलीतल्या लहानग्यांना तळाचं पाणी काहून मिळत नाही, स्वयंपाकवाल्या मावशींना काय त्रास होते, हे पोट्ट्यांनाच विचारून आणायला लावा. मग एकच वाक्य फळ्यावर, म्हणजे "हात न बुडवता तळाचं पाणी काढता आलं पाहिजे".

आता प्रत्येकानं 3 तरी चित्रं काढायची, पहिलं चित्र सगळ्यांचं सेमच येते बाप्पा, तिसऱ्यात खरी गंमत असते.

सामान फुकटचं, करवंटी, तुराटी, तार, सुतळी. भोक मात्र तुम्हीच पाडून द्या.

टेस्टिंगला घाई करू नका. 5 गिलास भरा, किती सांडलं ते मोजा, लिहा. आमच्या वर्गात करवंटी दांडीवर गरकन फिरायची, सगळं पाणी खाली! मी गप्प बसलो (लय जड गेलं). दुसऱ्या दिवशी एका पोरीनं समोरासमोर दोन भोकं मागितली अन् दांडी आरपार घातली.

मार्क द्यायचेच असले तर पहिल्या अन् दुसऱ्या मॉडेलमधल्या फरकाला द्या, सुबकपणाला नाही.