स्कॉटिश पूर्वजाला आयर्लंडच्या दप्तरात शोधताय? या चुका टाळा

माझं सासर स्कॉटलंडचं. नवऱ्याचे खापरपणजोबा लहानपणी स्कॉटलंडहून आयर्लंडला गेलेले; त्यांचा माग काढता काढता मी तिथल्या जुन्या सरकारी दप्तरांत शिरले, त्याला आता अकरा वर्षं झाली. ओळखीपाळखीचे लोक आपले कागद घेऊन येतात. कोणाची सून तिकडची, कोणाचा जावई तिकडचा, आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ हवी असते. मी आनंदाने बसते, पण दर वेळी पहिले दोन महिने त्याच त्या चुका निस्तरण्यात जातात. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

‘१९२२ मध्ये सगळं जळालं’

हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते म्हणणारा माणूस शोध सुरू होण्याआधीच उठलेला असतो. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना बेचिराख झाला, हे खरं. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे कागद, काही तुकडे सोडले तर, गेले. चर्च ऑफ आयर्लंडच्या (तिथल्या अँग्लिकन चर्चच्या) शेकडो नोंदवह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारने आधीच नष्ट करून टाकले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. त्यांचा आगीशी संबंध नाही. १९०१ आणि १९११ चे सगळे कागद शाबूत आहेत आणि घरबसल्या फुकट बघता येतात.

आता महत्त्वाचं. तुमचा पूर्वज स्कॉटलंडहून आलेला असेल, तर बहुधा तो प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडमधल्या मुख्य प्रोटेस्टंट पंथाचा असणार. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या (मंडळी म्हणजे एकेका चर्चचा उपासक-समूह) वह्या त्या इमारतीत नव्हत्याच, त्या ज्याच्या त्याच्या मंडळीकडे होत्या. त्यांतल्या पुष्कळशा आज बेलफास्टच्या सरकारी दप्तरखान्यात बघायला मिळतात. बऱ्याच वह्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात, ही अडचण आहे, पण ‘जळालं’ ही गोष्ट वेगळी आणि ‘लिहिलंच नव्हतं’ ही वेगळी.

एका गावात एकच मंडळी होती, असंही धरून चालू नका. मतभेदांतून फुटलेल्या मंडळ्या त्याच रस्त्यावर पहिली, दुसरी, तिसरी अशा नावांनी उभ्या असायच्या. शिवाय १८४५ पूर्वी प्रेस्बिटेरियन आणि चर्च ऑफ आयर्लंड अशा दोघांचं लग्न प्रेस्बिटेरियन पाळकाने लावलं, तर कायदा ते मानत नसे. त्यामुळे लग्नाची नोंद भलत्याच चर्चच्या वहीत सापडते. मी तर दोन्हीकडच्या वह्या बघितल्याशिवाय ‘नोंद नाही’ असं लिहीतच नाही.

नाव जुळलं म्हणजे माणूस मिळाला?

याबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण यात माझी स्वतःची दीड वर्षं गेली.

घरात सांगितलं जायचं ते इतकंच: खापरपणजोबा स्कॉटलंडच्या एअरशरमध्ये जन्मले, लहानपणी वडिलांबरोबर समुद्र ओलांडून आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात गेले, बालिमीनाजवळ शेती केली आणि पुढे ग्लासगोला आले. नाव आणि आडनाव दोन्ही अगदी सर्रास. मी थेट ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन उघडलं. १८४७ ते १८६४ या काळात आयर्लंडभर जमिनी-घरांची जी मोजणी झाली, तिची ही छापील खतावणी. कूळ कोण, जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकारणी किती, सगळं त्यात असतं आणि बघायला पैसे पडत नाहीत. त्यात त्याच नावाचा माणूस निघाला, चौदा एकरांचं कूळ. त्याच माणसाची मुलं मंडळीच्या वहीत सापडली. कबरस्तानात त्याच्या नावाचा दगडही सापडला. म्हातारपणी ते गावी परतले होते असं घरात कोणीतरी म्हणायचं, त्यामुळे तेही जुळलं. सासूबाई तेव्हा ७९ वर्षांच्या. त्यांना घेऊन आम्ही बोटीने गेलो. दगडावरचं शेवाळ त्यांनी हातरुमालाने पुसलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.

तो माणूस आमचा नव्हता.

हे कळलं ते एका जन्मदाखल्यामुळे, जो मी अगदी सुरुवातीला काढायला हवा होता. खापरपणजोबांच्या धाकट्या मुलाचा जन्म १८७४ मध्ये ग्लासगोत झाला होता. स्कॉटलंडमध्ये नागरी नोंदणी १८५५ ला सुरू झाली, आणि त्या पहिल्या वर्षी व पुढे १८६१ पासून जन्मदाखल्यावर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहिलेलं असतं. लग्न आयर्लंडमध्ये झालेलं असलं तरी! आमच्या दाखल्यावर १८६८ साल होतं, अँट्रिम परगणाच होता, पण गाव वेगळं. त्या तारखेवरून आयर्लंडचा लग्नाचा दाखला मिळाला. त्यात वराचं वय ‘सज्ञान’ एवढंच लिहिलेलं, पण वडिलांचं नाव, त्यांचा धंदा आणि राहण्याचा टाउनलँड, म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा, होता. मग ग्रिफिथ्समध्ये परत गेले, या वेळी वडिलांचं नाव घेऊन. शेजारच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत), चार मैलांवर, ते होते. खापरपणजोबा त्या यादीत असणंच शक्य नव्हतं. मोजणी झाली तेव्हा ते विशीत होते, बापाच्या घरात राहत होते, आणि त्या खतावणीत फक्त ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे त्याचंच नाव येतं.

मी आधी ग्रिफिथ्सकडे का गेले? ते फुकट होतं आणि स्कॉटलंडच्या दाखल्याला पैसे पडत होते. एवढंच कारण. आज कोणी उतावीळपणे ‘अॅपवर सगळं मिळतं ना?’ असं विचारलं की मी हीच हकीकत सांगते आणि आधी ग्लासगोचे दाखले काढायला लावते.

टाउनलँडचं नाव मिळेपर्यंत समुद्र ओलांडू नका

आयर्लंडमध्ये टाउनलँड म्हणजे जमिनीचा स्वतःचं नाव असलेला सर्वांत लहान तुकडा, आपल्याकडच्या वाडीच्या शिवारासारखा. असे साठ हजारांहून अधिक आहेत आणि एकेक नाव कितीतरी परगण्यांत पुन्हा पुन्हा येतं. ‘अँट्रिमचे’ एवढ्यावर शोध घेणं म्हणजे ‘सातारा जिल्ह्यातले पाटील’ शोधणं. १९०१ ची जनगणनाही इथे मदत करत नाही, कारण आयर्लंडबाहेर जन्मलेल्यांपुढे नुसतं ‘स्कॉटलंड’ लिहून रकाना संपतो.

टाउनलँड हाती लागला की मात्र ग्रिफिथ्सनंतरच्या फेरतपासणीच्या वह्या उघडाच. उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांच्या वह्या, साधारण १८६४ ते १९३३ पर्यंतच्या, बेलफास्टच्या दप्तरखान्याने ऑनलाइन ठेवल्यात. सातबाऱ्याचे फेरफार ज्यांनी वाचलेत त्यांना त्या लगेच कळतील. आमच्या पानावर खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावावर रंगीत शाईची रेघ मारलेली, वर त्याच रंगात मोठ्या भावाचं नाव, आणि कडेला सालाचे आकडे: ७९. शाईचा रंग सालानुसार बदलायचा, म्हणून रंग जुळवून कुठला बदल कोणत्या वर्षी झाला ते वाचता येतं. ते ७९ बघून मी त्या वर्षाच्या आसपासच्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या आणि पाचव्या मिनिटाला वडील सापडले.

ग्रिफिथ्सच्या छापील पानावर एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असले, तर नावापुढे कंसात बापाचं नाव, धंदा किंवा थोरला-धाकटा असं काही घातलेलं असतं. नुसत्या शोधयादीवर समाधान मानलं तर हा कंस नजरेतून निसटतो. पान उघडून बघा.

मृत्यूचा दाखला दोन्हीकडे सारखा नसतो

आयर्लंडच्या जुन्या मृत्यूदाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात. पैसे भरून दाखला मागवणारे आणि मग हिरमुसणारे मी इतके पाहिलेत! स्कॉटलंडच्या दाखल्यावर मात्र बापाचं नाव, आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनावही असतं, अर्थात खबर देणाऱ्याला ते ठाऊक असेल तर. म्हणून पूर्वज आयर्लंडमध्ये वारला असेल, तर त्याचं एखादं भावंड स्कॉटलंडला परतलं का ते आधी बघा. १८५५ नंतर तिथे वारलेल्या बहिणीचा दाखला भावाचीही आई सांगतो. आमचे खापरपणजोबा ग्लासगोतच वारले होते. त्यांच्या दाखल्यावर आईचं माहेर मिळालं आणि तिथून एअरशरच्या पॅरिशची बाप्तिस्म्याची नोंद.

वयावर विसंबू नका. १९०१ ला ५८ असलेला माणूस १९११ ला ७२ चा दिसतो. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं, आणि आयर्लंडमध्ये जन्मनोंदणीच १८६४ ची, त्यामुळे दाखला कोणाकडेच नव्हता. वयाच्या पुराव्यासाठी लोकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत आपली नावं शोधायला लावली. त्या शोधाचे अर्ज उरलेत. मूळ जनगणना गेली, पण आईबापांची नावं आणि टाउनलँड त्या अर्जांवर आहेत.

‘मॅक’ने सुरू होणारं आडनाव सापडत नसेल, तर ‘मॅक’ वगळून शोधा. जुन्या छापील याद्यांत त्याचं एक अक्षर आणि वर टिंबासारखी खूण एवढंच उरलेलं असतं.

पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही स्कॉटिश रीत आपल्याला जवळची वाटते. ती दिशा दाखवते, पुरावा देत नाही.

प्रेस्बिटेरियन आहे म्हणून तो १६१० च्या वसाहतीत, म्हणजे सरकारने आयर्लंडच्या उत्तरेत लोक नेऊन वसवले तेव्हा, आला असं ठरवू नका. अँट्रिम आणि डाऊन हे परगणे तर त्या सरकारी योजनेत नव्हतेच, आणि लोक एकोणिसाव्या शतकातही येत-जात होते.

आणि इंटरनेटवरच्या तयार वंशावळी उतरवून घेऊ नका. त्या दीड वर्षात मी माझी चुकीची वंशावळ उत्साहाने सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. खरी माहिती मिळाल्यावर काढून टाकली, पण तोवर २३ जणांनी ती आपल्या झाडाला जोडली होती. प्रत्येकाला मी ग्लासगोच्या दाखल्याची प्रत जोडून पत्र लिहिलं. नऊ जणांनी दुरुस्ती केली. बाकीच्यांकडे चौदा एकरांचं ते परकं कूळ अजून आमचं खापरपणजोबा म्हणून नांदतंय.