आजोबा अचानक गप्प का झाले? फोनवरच्या चाचणीने डिलिरियम कसा ओळखावा

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सासरे एकदम शांत झाले आणि आम्हाला हायसं वाटलं. आदल्या दिवशी दुखण्याने हैराण होते, आता निजलेत, निजू देत, असं म्हणत आम्ही खाटेशेजारी कुजबुजत बसलो होतो. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टर आल्या, त्यांना हाक मारून जागं केलं, खिशातून फोन काढला आणि म्हणाल्या, “बाबा, महिने उलटे म्हणून दाखवता का? डिसेंबरपासून.” सासरे म्हणाले, “डिसेंबर… नोव्हेंबर…” आणि मग चादरीची कड चिमटीत धरून खडे निवडावेत तसं काहीतरी निवडू लागले. प्रश्न विसरले होते. समोर सिस्टर आहेत हेही विसरले होते. पंधरा मिनिटांत डॉक्टर आले. लघवी तुंबली होती, जोडीला झोपेची एक गोळी आदल्या रात्री सुरू झाली होती. आम्ही मात्र दिवसभर तो आराम समजत होतो.

आपल्याकडे याला ‘वात झाला’, ‘भ्रम झाला’ म्हणतात. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. मेंदूचं काम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बिघडतं, लक्ष टिकत नाही आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतं. आजारपणामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ज्येष्ठांपैकी साधारण चार-पाच जणांत एकाला तो होतो. आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. पडून राहणारा, विचारल्यावर ‘हं’ म्हणणारा निसटतो, आणि अशांचीच संख्या मोठी असते. म्हणून चाचणी करायची ती मुख्यतः गप्प माणसाची.

हा लेख नातेवाइकांसाठी आहे. वॉर्डात नव्याने लागलेल्या मदतनिसांनाही उपयोगी पडेल. फोन निदान करत नाही. ‘आत्ता कुणीतरी नीट बघा’ एवढं तो सांगू शकतो. ते वेळेवर कळलं तरी पुष्कळ झालं.

फोन काढण्याआधी: ‘एरवी कसे असतात?’

सगळ्यात महत्त्वाची माहिती कुठल्याच ॲपमध्ये नसते, ती तुमच्याकडे असते. पंधरा दिवसांपूर्वी हा माणूस कसा होता? वर्तमानपत्र वाचायचा का, हिशेब स्वतः ठेवायचा का, नातवंडांची नावं गोंधळायचा का? फोनच्या नोंदवहीत चार ओळी लिहून ठेवा: एरवी काय जमायचं, काय आधीपासूनच जमत नव्हतं, बदल कधी जाणवला, आणि तो सलग आहे की मधूनमधून येतो. ‘काल दुपारी तीनपर्यंत नीट बोलत होते, सातनंतर मला ओळखलं नाही’ असं वाक्य डॉक्टरांना सोन्यासारखं वाटतं. ‘हल्ली जरा विसरतात’ या वाक्याचा काही उपयोग होत नाही.

याचं कारण सरळ आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत चढतो, डिलिरियम तासा-दिवसांत. चाचणीत दोघेही चुकतात. दोन्हींतला फरक ‘कधीपासून’ या एका शब्दात असतो. शिवाय स्मृतिभ्रंश असलेल्यालाच डिलिरियम व्हायचा धोका जास्त, त्यामुळे ‘त्यांना आधीपासून आहे’ म्हणून विषय मिटवू नका.

ॲप कोणतं घ्यावं

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फोन फक्त प्रश्नावली दाखवतो आणि गुण मोजतो. प्रश्न माणूसच विचारतो. ‘४एटी’ ही त्यातली सगळ्यात सुटसुटीत चाचणी. ती मोफत मिळते, दोन मिनिटांत होते आणि त्यासाठी खास प्रशिक्षण लागत नाही. ‘कॅम’ ही पद्धत त्याहून जुनी, १९९० मध्ये अमेरिकेत शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. तिच्यावर बेतलेली ॲप्सही आहेत, पण ती वापरायला सराव हवा.

दुसऱ्या प्रकारात रुग्ण स्वतः फोनकडे बघतो. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या गटाने आधी याच कामासाठी एक छोटी पेटी बनवली आणि पुढे तीच कल्पना फोनवर आणली. तिचं नाव डेल-ॲप. त्यावरचा त्यांचा लेख २०१५ मध्ये आला. आधी रुग्ण कितपत जागा आहे ते बघायचं, मग पडद्यावर सावकाश, एकामागून एक येणाऱ्या खुणा त्याला मोजायला लावायच्या. काम बालवाडीतलं वाटतं, पण मेख त्या ‘सावकाश’मध्ये आहे. पटापट मोजणं सवयीने होऊन जातं. दोन खुणांच्या मधल्या रिकाम्या वेळात आकडा धरून ठेवायला लक्ष लागतं, आणि डिलिरियममध्ये नेमकं तेच सुटतं. शाळेत न गेलेल्या माणसालाही असं मोजणं जमतं, हा आणखी एक फायदा.

ॲप निवडताना मी तीनच गोष्टी बघते. कोणती प्रसिद्ध चाचणी वापरली आहे ते स्पष्ट लिहिलंय का? कुणी बनवलंय ते कळतं का? आणि रुग्णाचं नाव, जन्मतारीख भरल्याशिवाय ते चालतं का? ‘मेंदूची ताकद वाढवा’ म्हणणारे खेळ या कामाचे नाहीत. बाकी ॲप नसलं तरी अडत नाही. ४एटीचा कागद फोनवर उघडून ठेवला तरी तेच काम होतं.

जागा आणि वेळ

चष्मा लावा. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे आणि चालू आहे हे बघा. निम्म्या ‘चुका’ इथेच गळतात, कारण ज्याला प्रश्न ऐकूच आला नाही तो उत्तर काय देणार? कवळी काढून ठेवली असेल तर बोलणं कळत नाही, तीही बसवा. टीव्ही बंद, पडदा ओढलेला, प्रकाश तोंडावर न येणारा. पाणी विचारा. दुखत असेल तर आधी ते सिस्टरांना सांगा.

फोन विमान मोडवर टाका. एकदा आठव्या खुणेच्या वेळी माझ्या फोनवर कुरियरवाल्याचा कॉल आला आणि सासरे म्हणाले, “घे, घे, महत्त्वाचा असेल.” त्या क्षणी ते माझ्यापेक्षा जास्त भानावर होते, पण चाचणी वाया गेली.

फोन रुग्णाच्या हातात देऊ नका. हात थरथरतो, बोट भलतीकडे लागतं, पडदा काळा होतो. तुम्ही धरा, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर, आणि उजेड पूर्ण वाढवून.

आणि परवानगी घ्या. “बाबा, लक्ष कसं आहे ते बघायला दोन मिनिटांचं काहीतरी करूया का? ऑपरेशननंतर सगळ्यांचंच बघतात.” वयस्क माणसाला परीक्षा घेतल्यासारखं वाटलं की तो रागावतो किंवा लाजून गप्प बसतो, आणि मग तो राग की आजार ते कळेनासं होतं.

४एटी: चार टप्पे

पहिला टप्पा जागेपणाचा. झोपलेले असतील तर हाक मारा, खांद्याला हलकेच स्पर्श करा, नाव आणि पत्ता विचारा. उठल्यावर क्षणभर पेंगणं ठीक. दहा सेकंदांत नीट झाले तर शून्य. बोलता बोलता डोळे मिटत असतील, किंवा उलट अस्वस्थ, खवळलेले असतील, तर इथेच ४ गुण. इथे गुण म्हणजे धोका, हे लक्षात ठेवा. शाळेच्या उलटं आहे.

दुसरा टप्पा चार प्रश्नांचा: वय, जन्मतारीख, आपण कुठे आहोत, हे कोणतं वर्ष. एक चूक झाली तर १, दोन किंवा अधिक चुका झाल्या किंवा विचारणंच शक्य नसलं तर २. ज्यांना खरी जन्मतारीख कधी माहीतच नव्हती असेही लोक असतात, म्हणून आधी घरच्यांना विचारा.

तिसरा टप्पा महिन्यांचा, डिसेंबरपासून उलट. अडले तर ‘डिसेंबरच्या आधीचा कोणता?’ एवढी एक मदत करता येते. सात किंवा जास्त बरोबर आले तर शून्य. सुरू केले पण सातपर्यंत पोचले नाहीत, किंवा नकार दिला, तर १. ग्लानीमुळे किंवा लक्षच नसल्यामुळे विचारता आलं नाही तर २. इथे उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत बघा. डिलिरियममधला माणूस चुकतो त्याहून जास्त वाहवतो: ऑक्टोबरनंतर पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबर असा सरळ चढतो, किंवा मध्येच खिडकीतल्या कावळ्याशी बोलायला लागतो. ते शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा.

चौथा टप्पा तुमचा. जागेपणात, विचारांत किंवा वागण्यात गेल्या दोन आठवड्यांत अचानक बदल किंवा चढउतार झाला आहे का, आणि तो गेल्या चोवीस तासांतही दिसला का? हो असेल तर सरळ ४. इथेच ती आधी लिहिलेली नोंद लागते. नसलेली माणसं दिसणं, ‘सिस्टर मला विष देतात’ असा संशय, दिवस-रात्र उलटी होणं, हे सगळं याच टप्प्यात धरतात.

बेरीज ४ किंवा त्याहून जास्त आली तर डिलिरियमची शक्यता आहे. १ ते ३ म्हणजे आकलनात काहीतरी अडचण असू शकते, सवडीने तपासायला हवं. शून्य म्हणजे आत्ता तरी शक्यता कमी, पण चौथ्या टप्प्याचं उत्तर अर्धवट माहितीवर दिलं असेल तर त्या शून्यावर विसंबू नका.

खुणा मोजायची चाचणी घेताना

आधी एक सोपी फेरी सरावाची. मोजणं मोठ्याने किंवा मनात, जसं ॲप सांगेल तसं. मधेच ‘किती झाले?’ विचारू नका, ओठ हलवून मदतही करू नका. घरच्यांना हे फार जड जातं. माझा नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बोटं दाखवत होता.

फोनच्या टॉर्चने घरगुती चाचणी बनवू नका. उघडझाप मोजायला लावणं सोपं आहे, पण किती चुका म्हणजे काळजीचं हे कुणी तपासून ठरवलेलं नसतं. तपासलेल्या ॲपचे गुणसुद्धा एकट्याने काही सिद्ध करत नाहीत. मोतीबिंदू, नैराश्य, स्मृतिभ्रंश, नुसता थकवा यांनीही ते कमी येतात.

पुन्हा कधी

एकदा करून थांबलात तर फसाल. सकाळच्या राउंडला डॉक्टरांशी झकास बोलणारा माणूस दिवेलागणीला भिंतीवरच्या मुंग्या झटकत असतो. रोज साधारण दोनदा बघा, एकदा सकाळी आणि एकदा सूर्यास्तानंतर. दर तासाला महिने विचारू नका. माणूस वैतागतो आणि महिने पाठही होतात. शंका आलीच तर वेळ न बघता करा.

गुण जास्त आले तर

सिस्टरांकडे जा आणि नेमकं सांगा: “४एटीचे आठ आले. काल दुपारपर्यंत ठीक होते. आत्ता हाक मारली तर डोळे उघडतात, पण लगेच मिटतात.” ‘जरा विचित्र वाटतंय’ म्हणालात तर ‘वय झालं’ असं उत्तर यायची शक्यता जास्त. पुढे डॉक्टर कारण शोधतील. फुप्फुसाचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, शरीरातलं कमी पाणी, सोडियम किंवा साखर बिघडणं, ऑक्सिजन कमी पडणं, न सांगितलेलं दुखणं, नवी गोळी, किंवा रोजचं मद्य अचानक बंद होणं. बहुतेकदा दोन-तीन कारणं एकत्र असतात. म्हणून सगळ्या औषधांचे फोटो फोनमध्ये ठेवा, घरून चालू असलेल्या झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. या दोन्ही प्रकारांतली काही औषधं डिलिरियम ओढवून आणतात, आणि ती सांगायला नेमकी विसरतात.

श्वास लागला असेल, हाक मारून उठतच नसतील, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूची ताकद गेली असेल, तर ॲप उघडायचं नाही. आधी आरडाओरडा करून माणसं बोलवायची.

तोवर खाटेजवळ काय करायचं

१९९९ मध्ये इनूये यांच्याच गटाने दाखवून दिलं की साध्या गोष्टी ठरवून केल्या तर डिलिरियम कमी होतो. त्यांच्या अभ्यासात नेहमीच्या देखभालीत तो १५ टक्के रुग्णांना झाला, आणि या गोष्टी केलेल्या गटात ९.९ टक्क्यांना. त्या गोष्टी म्हणजे चष्मा, ऐकण्याची सोय, पुरेसं पाणी, लवकर उठवून चालवणं, रात्रीची झोप न मोडणं, आणि दिवस-वेळ-ठिकाण पुन:पुन्हा सांगत राहणं. यातलं बरंचसं घरच्या माणसालाच जास्त चांगलं जमतं. चालवण्याआधी मात्र परवानगी घ्या.

भ्रमातलं बोलणं खोडून काढत बसू नका, त्याला मान डोलवून भरही घालू नका. “अहो, तिथे कुणी नाहीये!” असं ओरडण्यापेक्षा “भीती वाटतेय का? मी इथेच आहे, आपण दवाखान्यात आहोत” पुरतं. आणि रात्री शांत झोपावेत म्हणून आपल्या पिशवीतली गोळी देऊ नका.

कारण सापडून उपचार सुरू झाले तरी मेंदू त्याच दिवशी ताळ्यावर येत नाही. काहींना दिवस लागतात, काहींना आठवडे, आणि काहींचा विसरभोळेपणा मागे राहतो. म्हणून घरी जाताना कागदावर ‘डिलिरियम झाला होता’ असं लिहून मागा. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कळलं पाहिजे. सासऱ्यांच्या कागदावर ते नव्हतं, आम्ही परत जाऊन लिहून आणलं. पाचव्या दिवशी ते डिसेंबरपासून मार्चपर्यंत न अडखळता आले, थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, “उरलेले दोन तू म्हण. आणि माझा चष्मा कुठे ठेवलास?”