अंधारातल्या पेशींतही डब्ल्यूएनटी सुरू होतो? प्लेट तपासा

लक्षण असं: क्राय२-एलआरपी६ (निळ्या उजेडाला प्रतिसाद देणारं वनस्पतीतलं प्रथिन क्राय२, डब्ल्यूएनटीच्या रिसेप्टरला, एलआरपी६ला जोडलेलं) घातलेल्या मानवी स्टेम सेल. निळ्या उजेडात क्राय२चे पुंजके होऊन डब्ल्यूएनटी (पेशीनं काय बनायचं ते ठरवणारा एक संदेशमार्ग) चालू व्हायला हवा, पण माझ्या फॉइल लावून अंधारात ठेवलेल्या वेलमध्येही (वेल म्हणजे प्लेटमधला पेशी वाढवायचा खळगा) बीटा-कॅटेनिन वाढलेलं, ब्रॅकियुरी दिसतेय; ही दोन्ही प्रथिनं डब्ल्यूएनटी चालू असल्याची खूण. अँटिबॉडी बदलली, नवा क्लोन घेतला. दोन महिने पाण्यात.

उत्तर पणजीच्या पावसानं दिलं. रात्री लाइट गेली, इन्क्युबेटर आणि एलईडी इन्व्हर्टरवर. काळोखात दार उघडलं तर ‘अंधाऱ्या’ वेलच्या कडेला निळं कडं! फॉइल फक्त वरून होतं. शेजारच्या वेलचा उजेड पारदर्शक प्लास्टिकमधून आडवा येत होता.

मग या क्रमानं केलं. आधी काळ्या भिंतींची, पारदर्शक तळाची प्लेट घेतली. एलईडी आणि प्लेटमध्ये भोकं पाडलेला काळा फोम बसवला. अंधारातला कंट्रोल वेगळ्या प्लेटमध्ये, सगळीकडून फॉइल. मीडिया बदलताना ट्यूबलाइट बंद, लाल दिवे चालू (माझी चवथीच्या मखराची लाल माळ, क्राय२ला लाल उजेड दिसत नाही). मायक्रोस्कोपच्या दिव्यावरही लाल फिल्टर. फिक्सिंगसुद्धा (पेशी रसायनानं आहेत तशा थिजवणं) लाल उजेडातच.

पुढच्या खेपेला अंधारी प्लेट क्राय२ न घातलेल्या साध्या पेशींसारखीच निघाली.