आधी बोटांनी हाडं शोधायला शिका

बॉडी स्कॅनिंगमध्ये, म्हणजे कपडे, खुर्च्या, कॉकपिट वगैरेंसाठी स्कॅनरने माणसाच्या शरीराची त्रिमितीय मापं घेण्याच्या क्षेत्रात काम करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू, असं नवी मंडळी विचारतात. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. सॉफ्टवेअर नंतर, आधी माणसाच्या अंगावरची हाडं बोटांनी चाचपून शोधायला शिका.

स्कॅन घेणं ही यातली सोपी बाजू. 1998 साली सुरू झालेल्या ‘सीझर’ सर्वेक्षणात अमेरिकी हवाई दल आणि खासगी उद्योग एकत्र आले आणि अमेरिका, नेदरलँड्स, इटलीतल्या सामान्य नागरिकांचे अख्ख्या शरीराचे स्कॅन घेतले गेले. माणूस उभा आणि बसलेला, दोन्ही स्थितींत. एक स्कॅन अर्ध्या मिनिटाच्या आत उरकायचा. पण त्याआधी अंगावर 70हून अधिक ठिकाणी खुणा लावाव्या लागत. कारण स्कॅनरला फक्त कातडी दिसते. खांद्याचं हाड नेमकं कुठे संपतं, मानेचा तो उंचावलेला मणका कुठला, हे मांसल शरीरावर पडद्यावर पाहून कळत नाही. खूण बोटभर सरकली की खांद्याची रुंदीही चुकते आणि बाहीची लांबीही.

दुसरा धडा टेपचा. टेप छातीभोवती गुंडाळली की ती खोलगट भागांवरून सरळ ताणून जाते आणि मांस थोडं दाबते. स्कॅनवरची रेषा मात्र प्रत्येक खळग्यात उतरते. त्यामुळे एकाच माणसाच्या छातीचा घेर दोन पद्धतींनी वेगवेगळा येतो. त्यात श्वास! मोजताना श्वास आत की बाहेर, हे आधी ठरलेलं नसेल तर पुढचं सगळं गणित व्यर्थ. स्कॅनमधून काढलेली मापं हाताने घेतलेल्या मापांशी कितपत जुळली पाहिजेत, हे सांगणारं आयएसओ 20685 हे मानक आहे. रटाळ आहे, तरी वाचाच.

काखेत आणि मांड्यांमध्ये स्कॅनरची नजर पोचत नाही, तिथे स्कॅनमधून बनणाऱ्या त्रिमितीय जाळीला (मेशला) भोकं पडतात आणि सॉफ्टवेअर ती अंदाजाने बुजवतं. खुर्ची किंवा गाडीची सीट बनवणाऱ्याची गंमत तर विचारू नका. त्याला हवी असते पाठ आणि बैठक, म्हणजे बसल्यावर झाकला जाणारा नेमका तोच भाग.

लष्करी कामात चूक पचत नाही. सैल शर्ट कुणीही चालवून घेतो, पण बुलेटप्रूफ जॅकेटमधली कडक प्लेट वाकत नाही. धड आखूड असेल तर बसल्यावर ती खालून मांडीला आणि वरून गळ्याला टोचते. म्हणून सैनिकांचे स्कॅन नुसते तंग कपड्यांत घेऊन भागत नाही, पूर्ण साहित्य अंगावर चढवूनही घ्यावे लागतात. कॉकपिटचंही तसंच. 1950च्या सुमारास अमेरिकी हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांनी 4,063 वैमानिकांची 10 मापं तपासली. दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही निघाला नाही. नवीन माणूस तरीही पहिल्यांदा सरासरीच काढतो, हे मी कायम बघत आलोय.

हे स्वतः अनुभवायचं असेल तर अमेरिकी सैन्याच्या ‘अन्सर 2’ या सर्वेक्षणाची मापं खुली आहेत: 4,082 पुरुष, 1,986 स्त्रिया. पुरुषांच्या फाइलमधून जवळजवळ सारख्या उंचीची माणसं वेगळी काढा आणि त्यांची बसल्यावरची उंची आलेखावर मांडा. काही सेंटिमीटरचा फरक दिसेल. म्हणजे उभे असताना खांद्याला खांदा लागणाऱ्या दोघांपैकी एकाचं डोकं कॉकपिटच्या छताला लागू शकतं. पायथन किंवा आर, यांपैकी जी प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तिच्यात करा. मुलाखतीला येणाऱ्याने हा एवढा आलेख नीट समजावून सांगितला तरी मला पुरतो. मग मेश हाताळणं, मुख्य घटक विश्लेषण (ढीगभर मापांतले फरक मोजक्या आकड्यांत मांडायची पद्धत) वगैरे कामावर शिकवता येतं.

एक बाब मात्र कामावर शिकण्यासाठी ठेवू नका. स्कॅन म्हणजे जवळपास विवस्त्र माणसाची हुबेहूब प्रतिकृती, चेहऱ्यासकट. नाव काढून टाकलं तरी ओळखीचा माणूस ओळखतो. संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी तो वापरायचा, आणि पोर्टफोलिओत दाखवायचाच असेल तर स्वतःचा दाखवायचा.